साहेबाच्या बापाचा ब्रश

न्हाव्याजवळ किस्से कमी नसतात, बाप्पा! माणूस वस्तऱ्याखाली मान देते अन् तोंड मोकळं सोडते. आमी अकोल्याच्या कापूस बाजारात कडुलिंबाखाली बसत होतो, तवा दिवसभर केसं बी पडत अन् किस्से बी पडत. केसं सांजच्याले झाडून काढता येत. किस्से निघत नाईत. आता मी बुढा झालो, हात थरथरते, माही दाढी मलेच करता येत नाई, पण ते किस्से डोक्यात गर्दी करून बसले हायत. एक काढाले गेलो का दुसरा अंगावर येते. म्हणून आधीच सांगून ठेवतो, मधात बोलू नका. मले मधात बोललेलं खपत नाई.

तो कापसाचा जमाना. तिकडं समुद्रापल्याड अमेरिकेत लढाई जुंपली अन् इकडं आमच्या वऱ्हाडातल्या पऱ्हाटीले, म्हणजे कपाशीले, सोन्याचे दिवस आले. लोकाईच्या अंगात काय संचारलं काय माहीत, कोणी एका जागी टेकतच नव्हतं! जेवाले बसले तरी एक पाय चपलेत. बैलबंड्या सारख्या चालू, धुरळा खाली बसाले तयार नाई. अन् आमचा धंदा कोणता? माणसाले एका जागी बसवणं! सांगा आता.

* * *

आमच्या लिंबाखालचा म्होरक्या म्हणजे दाजीबा. नात्याचा नव्हता, पण मी त्याले काका म्हणे. हात सोन्याचा, तोंड तिखटाचं.

एक दिवस बाळापूरकडचा डोमाजी पाटील दाढीले बसला. बसला म्हणजे काय, उकिडवा! "काका, लवकर आटपा, माही बंडी उभी हाय." दाजीबानं डावा गाल साफ केला. उजव्याले पाणी लावलं, तितक्यात बाजारातून कोणीतरी ओरडलं, "मुंबईचा भाव आला रे!"

झालं! डोमाजी उठला अन् गळ्यातल्या फडक्यासकट पळाला. दाजीबा वस्तरा घेऊन त्याच्या मागं. "अबे थांब! थांब म्हणतो ना!" बाजारातल्या लोकाईले वाटलं, आता इथं खून होते. दोघं जण तर दाजीबाले धराले धावले. तो बोंबलून राह्यला, "अरे माहं फडकं नेलं त्यानं!"

डोमाजी गेला तो गेलाच. भाव चढत होता, तो या बाजारातून त्या बाजारात पळत होता. आला तवा एका गालावर चांगली झुडपी दाढी अन् दुसऱ्यावर नुसते खुंट. चेहरा रडवेला.

"काका, करा बाप्पा लवकर. घरची म्हणते, या बाजूनं नवरा दिसते अन् त्या बाजूनं परका मानूस. घरात घेत नाई!"

दाजीबानं त्याले खाली दाबून बसवलं. "मले माहीत होतं तू येशीन. ज्याचा एक गाल राह्यला, तो परत येतेच!"

* * *

दलालाईची तर तऱ्हाच वेगळी. कापसाचा सौदा तवा तोंडानं होत नव्हता. दोघं जण हातावर रुमाल टाकत अन् खाली एकमेकाची बोटं दाबून भाव ठरवत. वरून तोंडं पाहाल तर कीर्तनाले बसल्यावानी.

असेच दोन दलाल आमच्याकडं शेजारी शेजारी दाढीले बसले. एक दाजीबाकडं, एक माह्याकडं. आता दाढी होईपर्यंत तरी गप बसावं का नाई? पण तेवढा वेळ फुकट काहून घालवा! त्यायनं माह्या फडक्याखाली हात घातले. वर वस्तरा चालू अन् खाली सौदा चालू. मले काय माहीत? फडक्यावर केसं साचले म्हणून मी आपलं सवयीनं ते उचललं अन् झटकलं!

दोघाईची बोटं एकमेकात अडकलेली, अन् भोवती सारा बाजार उभा. भाव साऱ्याईले दिसला. घटकेभरात एकेक कास्तकार तोच भाव मागाले लागला.

"अबे गाढवा, काय करून बसला तू हे!" माहा दलाल अर्ध्या दाढीनं ओरडला.

मी काही म्हणाच्या आधीच दाजीबा म्हणे, "शेटजी, पोट्ट्यावर कायले खेकसता? इथं यायचं तर नुसती मुंडी आणायची. बोटं घरी ठेवून यायची!"

* * *

आता दाजीबाची एक खोड सांगतो. हिच्यापाई पुढं आमचा जीव टांगणीले लागला. त्याले खालीवर केस दिसला का राहवत नव्हतं. माणसाचाच कशाले, कोणताही! बैलाच्या शेपटीचा गोंडा तिरपा दिसला का कापला. कोणाच्या पागोट्याचा फरारा लोंबला का कापला.

त्याच्या पोरीचं लग्न. मंडपात अंतरपाट धरलेला, भटजी मंगलाष्टकं म्हणून राह्यले. दाजीबा जावयाकडं टक लावून पाहते. मले वाटलं, बाप हाय, डोळे भरून आले असतील. कशाचे! नवरदेवाच्या मुंडावळ्याची एक लड लांब अन् एक आखूड होती. दाजीबाची बोटं वळवळाले लागली. "शुभ मंगल सावधान" म्हणेपर्यंत यानं अंगातल्या बंडीच्या खिशातून कैची काढली अन् लड कापली!

लग्नात मुंडावळ्याले कैची! अपशकुनच तो. व्याही लालेलाल झाला, पागोटं आपटून उठून चालला. बाया तोंडाले पदर लावून रडाले लागल्या. दाजीबाची बायको, आमची गिरजाकाकू, कपाळावर हात मारून म्हणे, "कैची घेऊनच जन्मला का रे बाप्पा हा मानूस!"

दाजीबा व्याह्याच्या हाताले धरून म्हणे, "रागावू नका, व्याही. पाहा तरी, आता कसा सरळ दिसते तुमचा पोरगा!"

* * *

मंग आला गाठीसाहेब. एका विलायती पेढीचा कापूस घेणारा. खरं नाव आमच्या जिभेवर चढत नव्हतं, कापसाच्या गाठीच्या गाठी घे म्हणून गाठीसाहेब. हा तर साऱ्याईच्या वरताण! घोड्यावर बसून जेवे, चालता चालता सही करे. त्याले हिवतापानं धरलं, हात थरथर कापाले लागला, स्वतःची दाढी स्वतः करता येईना. म्हणून दाजीबाले बंगल्यावर बोलावणं आलं. सोबतीले मी.

त्याच्याजवळ एक ब्रश होता. पिवळी पडलेली हस्तिदंती मूठ अन् तिच्या तोंडात केसाचा झुपका. साबण त्याच्यानं घोळायचा अन् गालावर फासायचा. दाजीबा पहिल्याच दिवशी चिडला. "आमाले देवानं हात कायले देल्ले? पाण्यानं गाल चोळला का खुंट लोण्यावानी होते!" पण साहेब ऐकाले तयार नाई. मूठ छातीशी धरून म्हणे, "ये मेरे बाप का है."

बाप तिकडं विलायतेत मरून गेलेला. अन् ब्रशाचे केसं झडून झडून असे विरळ झाले होते का साबण लावताना मूठच गालावर खटखट वाजे. रोज एखादा केस साहेबाच्या गालाले चिकटून राही. साहेब तो चिमटीत धरून एका चांदीच्या डबीत ठेवे. मले फसकन हसू आलं.

बाहेर आल्यावर दाजीबानं मले झापलं. "हसतोस काय बे? त्याच्या बापाच्या गालाले लागलेले केसं हायत ते!"

अन् त्याच दिवसात आमच्यावर संकट आलं. आगगाडी येऊन राह्यली होती. बाजारातून टेसनाकडं बंड्यासाठी सडक काढायचं ठरलं, अन् आमचा लिंब बराबर मधात! सडक त्याच्या पेढीच्या खर्चानं, म्हणून काम गाठीसाहेबाच्या हाती. तोडकऱ्याईनं आधी एकाचा आंबा चुकून पाडला होता, लय बोंबाबोंब झाली होती. तवापासून साहेबाचा हुकूम होता का त्यानं स्वतः उभं राहून काठीनं दाखवल्याबिगर एका झाडालेही कुऱ्हाड लावायची नाई.

तुमी म्हणाल, एक लिंब गेला तर दुसरा पाहा. तसं नाई ना! दाजीबाचा बाप त्याच लिंबाखाली बसे. वस्तरा घासायचा त्याचा दगड मुळीत असा रुतला होता का मूळ दगडाच्या दोन्ही अंगानं वाढून त्याले धरून बसलं होतं. रोज सकाळी दाजीबा त्या दगडाले पाणी लावे, वस्तरा घासे, मंगच गिऱ्हाईक घे. झाड गेलं का दगड गेला.

त्यानं साहेबापुढं हात जोडले. "साहेब, आमचा लिंब ठेवा."

साहेबानं ब्रश पुढं केला. "पहले ये ठीक करो. फिर देखेंगे."

* * *

दाजीबाले वाटलं, त्यात काय! मुठीतले उरलेसुरले जुने केसं काढून साहेबाच्या डबीत देल्ले, बकरीचे काळेभोर केसं घेतले, लाख पातळ केली अन् मुठीत झुपका बसवला. दिसाले असा फक्कड!

दुसऱ्या दिवशी साहेबाच्या गालावर गरम पाण्यात बुडवून फिरवला. गरम पाणी लागलं मात्र, बकरीनं आपला वास सोडला! साहेबाचं कुत्रं कोपऱ्यातून उठलं अन् साहेबावरच भुंकाले लागलं. साहेबानं तीनदा तोंड धुतलं, अत्तर लावलं, वास जाईना.

सांजच्याले साहेब तरतर बाजारातून निघाला तर मागून एक बोकड! साहेब थांबला का बोकड थांबे, साहेब चालला का बोकड चाले. सारा बाजार धोतराचा सोगा तोंडात कोंबून हसून राह्यला.

मी म्हटलं, "काका, आता आपलं खरं नाई."

दाजीबा म्हणे, "गप बे. कोणाले तरी आवडला ना!"

* * *

मंग साहेबानं सांगाले घेतलं का कोणत्या जनावराचे केसं पाहिजेत. नाव घेतलं त्याच्या बोलीत, आमच्या डोक्यावरून गेलं. पुन्हा सांगितलं, पुन्हा गेलं. मंग तो खुर्चीत न टेकणारा साहेब सरळ गालिच्यावर चारी हातापायावर बसला अन् माती उकरल्यावानी कराले लागला! पाठीवरून हात फिरवून दाखवे, वरून पांढुरकं. पोट दाखवे, खालून काळं. नाकानं फुसफुस करे.

खानसामा चहा घेऊन दारात आला, जरा वेळ पाह्यलं अन् चहा घेऊनच परत गेला.

"बिज्जू!" दाजीबा ओरडला. "साहेब, बिज्जू! हाय ना आमच्याकडं!"

दोघाईले असा आनंद झाला का विचारू नका. पण आमी बाहेर येतो तो बंगल्यापुढं ही गर्दी! खानसाम्यानं बाजारात सांगून टाकलं होतं का साहेबाले पिसाळलेलं कुत्रं चावलं. एक जण तर मांत्रिकच घेऊन आला होता.

* * *

पातूरच्या डोंगरातून एका शिकाऱ्यानं बिज्जूचं कातडं आणून देल्लं. पण हस्तिदंती मुठीले आता हात लावाची दाजीबाची हिंमत नव्हती. फुटली तर संपलं. अमरावतीले मदारभाई खरादी होता, हस्तिदंती डब्या अन् हुक्क्याच्या नळ्या करे. साहेबानं ब्रश देल्ला, केसाची डबी देल्ली अन् आमी बंडीनं निघालो.

रस्त्यानं बंड्याच बंड्या, साऱ्या कापसाच्या. मूर्तिजापूरच्या अलीकडं एकाचा आस मोडला अन् सारी वाट तुंबली. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना. गाडीवाले शिव्या देऊन राह्यले, बैल शेपट्या झटकून राह्यले, अन् दाजीबाच्या तोंडावर असं समाधान! धोपटी काढली अन् म्हणे, "पहिल्यांदा बसलेले सापडले रे लेकाचे. चल, पाणी आण!" वाट सुटेपर्यंत त्यानं अर्धी रांग चकचकीत केली.

मदारभाईनं मूठ पाह्यली, खुश झाला. कातडं उलगडलं अन् दूर फेकलं!

"ये तो बिज्जू है! कबर खोदता है कमबख्त! मुर्दे कू नहीं छोडता! मैं हात नहीं लगाता इसकू!"

मी तर उठलोच. दाजीबा बसल्या जागचा हलला नाई. "मदारभाई, हा पातूरचा बिज्जू हाय. तथी डोंगरात लेण्या हायत, खडकात कोरलेल्या. कबरस्तान कुठं हाय तथी? हा काय उकरणार, दगड?"

मदारभाईनं दाढी खाजवली. मंग उठला, कातडं उचललं, धूळ झटकली.

"मतलब शरीफ खानदान का है," म्हणे. "लाओ इधर."

अन् काम पाहावं तर त्याचं! मूठ वाफेवर धरून दाजीबाची लाख मऊ केली अन् बकरीच्या केसासकट सळईनं हळूहळू कोरून काढली. बिज्जूचे केसं रिठ्याच्या पाण्यात धुतले, पाणी बदलून बदलून. मंग एका खोल वाटीत केसाचे शेंडे खाली करून ठोकत ठोकत बसवले, म्हणजे उलटं केल्यावर झुपक्याले घुमटावानी गोल माथा येते. मधोमध, साऱ्याईच्या पोटात, साहेबाच्या डबीतले जुने केसं ठेवले. वरून ते दिसतही नव्हते. दोऱ्यानं बुडखे आवळले, वाढीव कापले अन् लाखेत झुपका पक्का केला.

निघताना दाजीबाचा हात धरून म्हणे, "सुनो. बाल का शेंडा बारीक रहता, इसके वास्ते नरम लगता. नीचे का बुडखा काटो, चलता. शेंडे कू कैंची नक्को! तुमकू बोल रहा हूँ, दाजीबा."

"मी काय येडा हाय?" दाजीबा म्हणे.

* * *

अकोल्याले परत आलो अन् बंगल्याच्या पायरीवर बसलो होतो. साहेब आत घोडेवाल्यावर ओरडून राह्यला होता. सकाळचं ऊन ब्रशावर पडलं अन् दाजीबानं तो डोळ्यापुढं धरला. गोल माथ्यातून एक केस जरासा वर आला होता.

"काका," मी म्हटलं, "मदारभाईनं काय सांगितलं?"

"एकच केस हाय ना बे."

कच्! तो कापला तर शेजारचा उंच दिसाले लागला. कच्! मंग इकडचा. मंग तिकडचा. मी हात धराले गेलो तर मले कोपरानं ढकललं. आतून हाक आली तवा त्या घुमटाचा पोळपाट झाला होता!

साहेबानं ब्रश हातात घेतला. चेहरा असा उजळला! डोळे मिटून गाल पुढं केला. दाजीबानं साबण फासला अन् साहेब खुर्चीतून उडाला. गालभर लाल ठिपके, काटेरी निवडुंग घासल्यावानी.

ओरडला असता तर बरं झालं असतं. ब्रशाच्या कापल्या तोंडावरून बोट फिरवलं, टेबलावर ठेवला अन् खिडकीकडं तोंड करून म्हणे, "फेंक दो."

मंग म्हणे, "मैं अमरावती जाता. वापस आके सडक का काम."

दाजीबानं ब्रश धोपटीत टाकला. त्या दिवशी त्यानं गिऱ्हाईक घेतलं नाई. दगडापाशी बसून राह्यला. "माह्या बापाचा दगड मीच उखडला रे, आत्माराम," मले म्हणे. अन् रडला. मी त्याले तवा पहिल्यांदा रडताना पाह्यलं.

* * *

गिरजाकाकू भाकर घेऊन आली, तर भाकर तशीच. तिनं सारं ऐकून घेतलं, ब्रश हातात घेतला, तळव्यावर घासून पाह्यला.

"अहो, नवी केरसुणी बी टोचतेच ना! आठ दिस अंगण झाडलं का शेंडे फुटतात, मऊ होते. झाडा मंग अंगण!"

"अंगण?" दाजीबा खेकसला. "काही बी काय बोलतं!"

"अकोल्यात दाढ्या का कमी हायत?" काकू म्हणे, अन् भाकरीचं टोपलं त्याच्यापुढं आदळलं.

दाजीबा उठला. बाजारातून साबणाची वडी आणली अन् पहिला गाडीवाला धरून बसवला. तो ओरडला, "काका, टोचून राह्यलं!" दुसराही ओरडला. तिसरा तर पळाला. आधीच बसाले तयार नसलेले लोकं, वरून काटे!

मले सुचलं. मी जरा मोठ्यानं म्हटलं, "साहेबाचा ब्रश हाय, बाप्पा. खास विलायती!"

मंग पाहा! तासाभरात रांग. डोमाजी पाटील एकदा दाढी करून पुन्हा शेवटी जाऊन उभा राह्यला. दोन्ही दलाल आले, हात वर करून, बोटं दाखवत! कुणबी, माळी, तेली, गाडीवाले, वखारीचे मुकादम, मशिदीपाशी राहणारे अत्तरवाले, सारे एका रांगेत. गाल लालेलाल, पण तक्रार नाई. एक दुसऱ्याले समजावे, "अरे, टोचणारच! विलायती माल असाच असते."

रोज ब्रश फिरे अन् रोज सांजच्याले दाजीबा तो आपल्या गालावर घासून पाही. हळूहळू केसाचे शेंडे फुटाले लागले. तरी त्याले झोप येत नव्हती. साहेब कवा परत येईन त्याचा भरवसा नव्हता.

* * *

एका सकाळी तोडकरी आले. कुऱ्हाडी खांद्यावर. दुसऱ्या दिवशी त्यायले बडनेऱ्याले आगगाडीच्या कामावर हजर व्हायचं होतं, तिथून परत येणं नव्हतं, म्हणून आजच जे पाडायचं ते पाडून मोकळं व्हायचं होतं. मुकादम लिंबाभोवती फिरून आला, खोडावर थाप मारली. "साहेब आले, काठी दाखवली, का हाणलाच घाव!"

दाजीबानं मान वर केली नाई. रांग होती, तो साबण फासून राह्यला होता. मी मात्र सारखा अमरावतीच्या वाटेकडं पाहून राह्यलो होतो.

दुपारच्या आधी साहेब आला. अमरावतीहून सरळ घोड्यावर. अंगभर धुरळा, दाढी वाढलेली, हातात काठी. घोड्यावरून उतरला अन् तरतर लिंबाकडं. रांग दुभंगली. अन् साहेबानं पाह्यलं, त्याच्या बापाचा ब्रश एका गाडीवाल्याच्या गालावर!

तो गाडीवाला तर साबणासकट पळाला.

साहेब म्हणे, "फेंका नहीं?"

"बापाची वस्तू कोणी फेकते काय, साहेब?" दाजीबानं ब्रश धुतला, झटकला. "दाढी वाढली तुमची. बसा."

साहेबानं मुकादमाकडं पाह्यलं, झाडाकडं पाह्यलं, ब्रशाकडं पाह्यलं. मंग काठी माह्या हातात देल्ली अन् बसला. दाजीबाच्या बापाच्या त्या दगडाशेजारी, मुळीवर.

दाजीबानं ऊन पाण्यात ब्रश बुडवला, साबण घोळला अन् साहेबाच्या गालावर टेकवला. साहेबानं अंग आवळून घेतलं होतं. ब्रश एकदा फिरला, दोनदा फिरला, अन् त्याचे खांदे खाली आले. डोळे मिटले. ओठ हलले, त्याच्या बोलीत काहीतरी पुटपुटला. दाजीबानं वस्तऱ्यानं एक गाल साफ केला, तोपर्यंत साहेबाची मान खोडाले टेकली होती. झोपला! वर्षभर न टेकलेला माणूस लहान पोरावानी झोपला.

मुकादम पुढं आला. "साहेब, कोणतं झाड..."

दाजीबानं ओठावर बोट ठेवलं. "झोपले हायत. तुमी उठवा."

मुकादमानं हात पुढं केला, मागं घेतला. काठी माह्या हातात होती, मी ती पाठीमागं धरली. कोणाची छाती होते साहेबाले उठवाची!

दुसऱ्या गालावरचा साबण सुकला का दाजीबा पुन्हा ब्रश फिरवे. पुन्हा सुकला का पुन्हा फिरवे. हळू, अलगद. तिकडं वखारीकडून कोणीतरी ओरडलं, "मुंबईचा भाव..." अन् डोमाजी पाटलानं धावत जाऊन त्याच्या तोंडावर हात दाबला! दोन्ही दलालाईनं बंड्या लांबून वळवल्या. तो सारा पळता बाजार आमच्या लिंबाभोवती उभा होता, अन् कोणी हलत नव्हतं.

तोडकऱ्याईनं भाकरी खाल्ल्या. पानं खाल्ली. ऊन वखारीच्या भिंतीवर गेलं, मंग तिथूनही गेलं. मुकादमानं एकदा साहेबाकडं पाह्यलं, एकदा आभाळाकडं पाह्यलं, कुऱ्हाड खांद्यावर टाकली अन् ते बडनेऱ्याच्या वाटेनं लागले.

त्यायच्या पावलाचा धुरळा खाली बसला तवा साहेबाचे डोळे उघडले. त्यानं एका गालावरून हात फिरवला. गुळगुळीत. दुसऱ्यावरून फिरवला. नुसता फेस. वर लिंबाकडं पाह्यलं, वाटेकडं पाह्यलं, दाजीबाकडं पाह्यलं.

"खतम?"

दाजीबानं ब्रश धुतला, पाणी झटकलं अन् बापाच्या दगडावर उभा करून ठेवला.

"नाई, साहेब. एक गाल राह्यला. आता अंधार पडला, उद्या या."